मठपतींच्या हेलिकॉप्टरचा बंदोबस्त

मृत्युंजय मठपती यांचं हेलिकॉप्टर आजवर एकदाच उडालं, तेही बावीस सेकंद. त्यातले पहिले अठरा सेकंद ते जमिनीपासून गुडघाभर उंचीवर थरथरत होतं आणि शेवटच्या चार सेकंदांत ते व्यंकटच्या बोटाकडे गेलं. हे झालं व्यंकटचं म्हणणं. मठपतींच्या मते हेलिकॉप्टर जागेवरच होतं, व्यंकटनंच बोट तिकडे नेलं. त्या जागेचा पंचनामा झाला नाही, त्यामुळे खरंखोटं आता काही कळायचं नाही.

हेलिकॉप्टर म्हणजे हातभर लांबीचं, रिमोटवर उडणारं. वजन सहाशे ग्रॅम. मठपती नांदेडला पाटबंधारे खात्यात वरिष्ठ लिपिक. अठ्ठावीस वर्षं त्यांनी फायली या टेबलावरून त्या टेबलावर हलवल्या होत्या, आणि त्यातली एकही फाईल आपल्या हातून वर गेली असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. वर गेलेली फाईल तीन महिन्यांनी त्रुटी काढून खालीच यायची. तेव्हा बावन्नाव्या वर्षी आपल्या हातानं काहीतरी वर जावं, थोडा वेळ तिथं राहावं, आणि आपण म्हणू तेव्हाच खाली यावं, एवढी त्यांची इच्छा. माणसं यापेक्षा वाईट इच्छा धरतात आणि त्या पुऱ्याही होतात.

तर बोट. व्यंकट हा मठपतींचा जुना दोस्त, मागच्याच गल्लीत पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं त्याचं दुकान. मोटारीच्या पंख्यात आयुष्य गेलेला माणूस, पण या चिमुकल्या पंख्यानं त्याचं बोट पार चिरलं. कॉलनीच्या मैदानात रक्त पडलेलं बघून माणसं धावली आणि प्रत्येक जण येताना काहीतरी घेऊनच आला. समोरच्या तुळजाबाईंनी हळद आणली. एसटीतून निवृत्त झालेले रामलिंगअप्पा टूथपेस्ट घेऊन आले. त्यांच्या मते डेपोत अशा जखमांवर तीस वर्षं हेच चालत आलं होतं. तिसऱ्या एकानं तंबाखूचा चुना पुढे केला. आधी काय लावायचं यावर चर्चा सुरू झाली आणि ती मिटवायला म्हणून तिन्ही वस्तू लावण्यात आल्या.

डॉक्टरांचा पाऊण तास ते सगळं धुण्यातच गेला. मग तीन टाके पडले. टाके घालतानाच बाहेर बसलेल्या अकरा पेशंटांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी मठपतींना विचारलं, "असली यंत्रं उडवता आणि घरात एक स्वच्छ पट्टी ठेवत नाही? दाबून धरायचं आणि हात वर करायचा, एवढं तरी माहीत असावं की नाही?"

अकरा माणसांपैकी दोघं मठपतींच्या कार्यालयात येणारे ठेकेदार होते, आणि त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं होतं.

घरी येऊन त्यांनी बायकोला, अंजूला, सांगितलं की सुरक्षेची आणि प्रथमोपचाराची पुरी तयारी झाल्याशिवाय हेलिकॉप्टर आता जमीन सोडणार नाही. मग एक कोरी फाईल काढून तिच्यावर सुवाच्य अक्षरात 'हेलिकॉप्टर : सुरक्षा व प्रथमोपचार' असं लिहिलं. अंजूनं ती फाईल बघितली आणि, फाईल उघडली म्हणजे आता झालंच, एवढंच म्हणून ती भाकरी थापायला निघून गेली. पंचवीस वर्षांच्या संसारात ती नवऱ्याच्या खात्याला चांगली ओळखून होती.

पहिली खरेदी प्रथमोपचार पेटीची. पांढरी पेटी, आत निर्जंतुक पट्ट्या, कापूस, चिकटपट्टी, जखम धुवायचं औषध, भाजल्यावर लावायचं मलम, हातमोजे, कात्री आणि सूचनांचा कागद. मठपतींनी तो कागद तोंडपाठ केला. हेलिकॉप्टरची बॅटरी आपटली तर पेट घेऊ शकते असं पुस्तिकेत छापलेलं होतं, म्हणून दाराशी वाळूनं भरलेली बादली आली. पात्याचा तुकडा उडाला तर डोळा जाऊ शकतो, म्हणून वेल्डिंगवाल्याचा काळा चष्मा आला. डोक्याला क्रिकेटचं हेल्मेट, गुडघ्यांना गुडघ्यांचं. एका रविवारी ते हा सगळा सरंजाम चढवून बसतो की नाही ते बघत होते, तेवढ्यात कुरियरवाला आला. दार उघडून मठपतींनी पेनासाठी हात पुढे केला, तर तो पार्सल उंबऱ्यावर ठेवून सही न घेताच जिना उतरला.

बादलीचं रहस्य कॉलनीतल्या मांजरांना पहिल्याच आठवड्यात कळलं. वाळू तीनदा बदलावी लागली. चौथ्या वेळी अंजूनं सांगितलं की आग लागली तर लागू दे, पण ही बादली दारात राहणार नाही. मग बादली गच्चीवर गेली. गच्चीवरच्या बादलीपर्यंत पोचेपर्यंत बॅटरी जळून खाक होईल हे मठपतींना दिसत होतं, पण फाईलमध्ये 'वाळूची बादली : उपलब्ध' असं लिहायला त्यांची हरकत नव्हती.

पेटीची गोष्ट मात्र हृदयद्रावक आहे. मठपतींच्या घरी प्रथमोपचाराची पेटी आहे ही बातमी कॉलनीत पसरली. तुळजाबाईंचा हात तव्याला भाजला, त्या आल्या. मठपतींनी कागदातल्या सूचनेप्रमाणे त्यांचा हात वीस मिनिटं पाण्याखाली धरला. नळाला त्या दिवशी पाणी नव्हतं, त्यामुळे त्यांनी पिंपातलं पाणी तांब्यातांब्यानं ओतलं. त्या वीस मिनिटांत तुळजाबाईंनी सुनेबद्दल सगळं सांगून घेतलं, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांचा हात रोज भाजायला लागला. रामलिंगअप्पांनी एक पट्टी नेली ती गळक्या पाइपाला गुंडाळायला. पाइप बरा झाला असं त्यांनी येऊन सांगितलंही. कुणाच्या नातीनं शाळेच्या प्रकल्पासाठी कापूस नेला, ढग करायला. महिनाभरात पेटीत हातमोजे, कात्री आणि सूचनांचा कागद उरला. मग कात्री गेली. शेवटी तुळजाबाई कागद मागायला आल्या, तेव्हा मठपतींनी तोंडानं सांगतो म्हणून वेळ मारून नेली.

अशा वेळी दुसऱ्या माणसानं नाद सोडला असता. मठपतींना वाटलं, वस्तू असून उपयोग नाही, ज्ञान पाहिजे. लातूरला एका संस्थेचं दोन दिवसांचं प्रथमोपचार शिबिर होतं. रीतसर रजा टाकून ते एसटीनं लातूरला गेले.

शिबिर घेणाऱ्या तनुजा मॅडम शिस्तीच्या होत्या. त्यांनी पहिल्या तासाला सगळ्यांवर नजर फिरवली आणि सगळ्यात हलका माणूस कोण ते हेरलं. मठपतींचं वजन एक्कावन्न किलो. त्यांना पुढे बोलावून सतरंजीवर निजवण्यात आलं. डोक्याची पट्टी कशी बांधायची ते त्यांच्या डोक्यावर दाखवलं, मोडलेला हात गळ्यात कसा अडकवायचा ते त्यांच्या हातावर. नंतर चाळीस शिबिरार्थींनी पाळीपाळीनं तेच त्यांच्यावर करून बघितलं. त्यांना कुशीवर वळवलं, खांद्यावर टाकलं, जिन्यावरून उतरवलं. एकदा बांबूच्या दोन काठ्या आणि दोन शर्टांची झोळी करून नेताना एक शर्ट फाटला, तेवढीच त्या शिबिरातली खरी जखम. दुसऱ्या दिवशी दुपारी मठपतींनी पडल्यापडल्याच हात वर करून विचारलं की मला कधी मिळणार बांधायला. तनुजा मॅडम म्हणाल्या, पेशंटनं बोलायचं नसतं.

संध्याकाळी त्यांना प्रमाणपत्र मिळालं. दोन दिवसांत त्यांनी एकाही माणसाला एकही पट्टी बांधली नव्हती. पण कागद तो कागद. तो फाईलला लागला.

आता राहिली जागा. कॉलनीच्या मैदानावर पुन्हा उडवायचं नाही असं सर्वांनी, म्हणजे व्यंकटनं, ठरवलं होतं. अंजूचं माहेर खडकवंडी, नांदेडपासून तासाभरावर. तिथं गावाबाहेर मोठं गायरान मोकळं पडलेलं, झाड नाही, तार नाही. अंजूचा भाऊ शिवलिंग गावचा सरपंच. व्यंकट म्हणाला, "चला की मग रविवारी. गायरानात कोण विचारून राहिलंय?"

पण 'उद्या काही झालं तर?' हा प्रश्न मठपतींच्या रक्तातच होता. अठ्ठावीस वर्षं त्यांनी तो लोकांना विचारला होता, तो आता स्वतःला न विचारता कसं चालेल? सरकारी जमीन आहे, परवानगी पाहिजे. त्यांनी तालुक्याच्या कचेरीत अर्ज केला, आणि इथून पुढं त्यांचं जे काही झालं ते त्या अर्जानं केलं.

अर्ज त्यांनी मनापासून लिहिला होता. 'मौजे खडकवंडी येथील गायरानात लघु आकाराचे हेलिकॉप्टर उडविणे व उतरविणेबाबत.' त्यात 'खेळणं' हा शब्द कुठेही नव्हता. बावन्न वर्षांचा वरिष्ठ लिपिक खेळणं उडवायला सरकारी परवानगी मागतोय, हे त्यांच्या हातून लिहिलं जाईना. लोकांना तीस मीटर लांब ठेवू, उडवणाऱ्याच्या डोळ्यांना आणि डोक्याला संरक्षण राहील, असे मुद्दे होते. आणि सातवा मुद्दा असा की, घटनास्थळी अग्निशमन व वैद्यकीय व्यवस्था हजर असल्याशिवाय उड्डाण केले जाणार नाही. मठपतींच्या मनात बादली आणि पेटी होती.

कचेरीतला मलप्पा नावाचा कारकून तरतरीत निघाला. हेलिकॉप्टरचा विषय म्हटल्यावर त्यानं ठरलेला नमुना काढला. मोठी माणसं येतात तेव्हा जो वापरतात तोच. त्या नमुन्यात आकाराचा रकाना नसल्यामुळे 'लघु' गळालं. त्याच्या प्रती बांधकामवाल्यांना, अग्निशमनाला, आरोग्य विभागाला आणि पोलिसांना गेल्या.

मठपतींना हे शिवलिंगच्या फोनवरून कळलं. गायरानावर रोलर फिरतोय आणि चुन्याच्या फक्कीनं मोठा गोल काढून आत इंग्रजी एच काढलाय, असं तो अभिमानानं सांगत होता. गावात मांडव घालायला घेतला होता. दाजी, तुम्ही एवढ्या वरपर्यंत पोचलाय हे कधी बोलला न्हाईत, असंही तो म्हणाला.

मठपती अर्ध्या दिवसाची रजा टाकून तालुक्याला पळाले. मलप्पानं त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला. मठपतींनी सांगितलं की हेलिकॉप्टर लहान आहे. मलप्पा म्हणाला, लहान-मोठं कचेरी बघत नसते. मठपतींनी हातानं लांबी दाखवली. मलप्पानं विचारलं, पंखा आहे का? आहे. हवेत जातं का? जातं. मग नमुना बरोबरच आहे.

"मी अर्ज मागे घेतो," मठपती म्हणाले.

"तसं घेता येत न्हाई साहेब. त्यातून जे येणार हायत त्यांच्या कार्यालयाचं पत्र लागतंय."

"त्यातून कोणी येणारच नाही."

हे ऐकून मलप्पा उठून उभा राहिला. त्यानं दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "समजलो साहेब. नाव बाहेर जाणार न्हाई."

ज्या खात्यात आपण उभं आयुष्य काढलं त्याच्याच दाराशी लोक रडवेल्या तोंडानं का उभे असतात, ते परतीच्या एसटीत मठपतींना पहिल्यांदा कळलं. न जावं तर बंदोबस्त लावून अर्जदार गैरहजर राहिला म्हणून कारवाई. जावं तर सासुरवाडी. अंजूनं त्यांची तुटकी तुटकी हकिकत ऐकून घेतली आणि सांगितलं की जायचं, आणि पांढरा शर्ट घालून जायचं.

ठरल्या दिवशी सकाळी दहाला व्यंकटच्या छोट्या टेम्पोतून तिघं खडकवंडीला पोचले. गायरानावर चारशे माणूस होतं. लाल बंब उभा होता, रुग्णवाहिका उभी होती, तिच्यात तरुण डॉक्टर आणि नर्स होते. दोन पोलीस दोरी धरून होते. नायब तहसीलदार रुमालानं मान पुसत होते. बायका ओवाळायची ताटं घेऊन मांडवात बसलेल्या. सगळ्यांच्या माना वर. मठपती हातात खोकं घेऊन उतरले, तेव्हा त्यांच्याकडे बघायला कुणाला फुरसत नव्हती.

शिवलिंग फेटा बांधून पुढे आला. "दाजी, कुठवर आलंय?"

मठपतींनी खोक्यावर हात ठेवला. "हे काय."

शिवलिंगनं खोक्याकडे बघितलं, मग आभाळाकडे, मग पुन्हा खोक्याकडे. मठपतींनी झाकण काढलं. ज्यांना दिसलं ते गप्प झाले, आणि ती शांतता मागे मागे सरकत शेवटच्या रांगेपर्यंत गेली. एका बाईनं ताटातला दिवा फुंकून विझवला. तेलाची बचत म्हणून विझवला असेल, पण ते मठपतींच्या मनाला फार लागलं.

नायब तहसीलदारांनी फाईल मागवली. उन्हात उभं राहून त्यांनी अर्ज पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, मग दुसऱ्यांदा वाचला. तिसऱ्यांदा फक्त मंजुरीची सही वाचली. ती त्यांचीच होती.

"लिहिलंय ते सगळं खरं आहे," ते फार दुःखानं म्हणाले. मग त्यांनी हिशेबी विचार केला. बंब आला, रुग्णवाहिका आली, तर वर अहवाल द्यावा लागणार. अहवालात उड्डाण झालं असं तरी असलं पाहिजे. त्यांनी मठपतींना सांगितलं की उडवा आणि मला मोकळं करा.

तेव्हा चारशे माणसांसमोर, मांडवात बसलेल्या सासुरवाडीसमोर पांढऱ्या शर्टातल्या मठपतींनी पँटीवर गुडघ्याचे पट्टे बांधले, हेल्मेट चढवलं, काळा चष्मा लावला. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं असं त्यांना वाटलं. काळ्या चष्म्यातून त्यांना एचच्या पांढऱ्या रेघा तेवढ्या दिसत होत्या. त्यांनी हेलिकॉप्टर मधोमध ठेवलं, दहा पावलं मागे आले आणि रिमोटची कांडी पुढे केली. पंखा फिरायला लागला. आवाज वाढला. त्या आवाजानं त्यांचा सगळा अपमान क्षणभर बाजूला झाला. आता उठणार. माणसं बघोत न बघोत, आता ते उठणार.

पण लोकांची पाठ झाली होती. मठपतींनी चष्मा वर केला. सगळी गर्दी रुग्णवाहिकेकडे होती.

झालं होतं असं. सरजाबाई नावाची सत्तरीची म्हातारी गावचं निवेदन घेऊन सकाळपासून बसली होती. खडकवंडीच्या आरोग्य उपकेंद्राला दोन वर्षं कुलूप होतं. नर्स नाही, औषध नाही. येणाऱ्या मोठ्या माणसाच्या हातात कागद द्यायचा म्हणून ती आली होती. मोठा माणूस येत नाही हे कळल्यावर तिनं आजूबाजूला बघितलं, तर रुग्णवाहिकेचं दार उघडं आणि आत डॉक्टर रिकामा बसलेला. ती काठी टेकत गेली आणि आपली सुजलेली पावलं त्याला दाखवली. तिच्यामागे दुसरी बाई उभी राहिली. मग रांग लागली. कुणाची साखर, कुणाचे गुडघे, कुणाचा सहा महिन्यांचा खोकला. बंबावरचा एक जवानही रांगेत होता.

डॉक्टरनं सरजाबाईच्या छातीला नळी लावली. त्यानं यंत्र लावून कागदाची पट्टी काढली, ती बघितली आणि आजींना आत्ताच्या आत्ता नांदेडला न्यायचं म्हणाला.

सरजाबाई हलायला तयार नव्हती. तिला घाम सुटला होता, श्वास पुरत नव्हता, तरी ती म्हणाली, "मी हेलिकाप्टर बघाया आले. ते बघून जाते. जावई, उडवा की लवकर."

मठपतींच्या हातात रिमोट होता. पंखा फिरतच होता. बावीस सेकंद पुरले असते, बारासुद्धा पुरले असते, आणि एवढ्या लोकांत ते उडताना बघायला मागणारं माणूस एकच होतं. त्यांनी डॉक्टरकडे बघितलं. डॉक्टरनं मान हलवली आणि स्ट्रेचर धरायला कोण येतंय म्हणून विचारलं. गर्दी नुसती बघत उभी होती. स्ट्रेचरवर माणूस कसा उचलायचा याचे दोन दिवस अंगावर काढलेला इसम तिथं एकटाच होता.

मठपतींनी पंखा बंद केला. हेलिकॉप्टर उचलून त्यांनी म्हातारीपाशी नेलं. तिनं पात्याला बोट लावून बघितलं.

"एवढंसं?" ती म्हणाली, आणि एवढ्या त्रासातही हसली.

मग त्यांनी ते पायापाशी ठेवलं आणि स्ट्रेचरचा एक दांडा धरला. व्यंकटनं दुसरा धरला, टाके पडलेल्या हातानं. डोकं वर ठेवा, सपाट झोपवू नका, दम लागलेल्या माणसाला टेकून बसवतात, असं मठपती सांगत होते, आणि डॉक्टर बरोबर आहे म्हणत होता. म्हातारी आत गेली, दार लागलं. ड्रायव्हरनं घाईत गाडी मागे घेतली, वळवली, आणि धुरळा उडवत ती रस्त्याला लागली.

गाडी मागे घेताना आलेला आवाज फक्त मठपतींनी ऐकला. ज्वारीचं धाट मोडावं तेवढाच आवाज. धुरळा खाली बसल्यावर हेलिकॉप्टर ठेवल्या जागीच होतं, पण ते आता दोन्ही बाजूंनी सपाट होतं. बॅटरीतून धूर निघाला. बंबवाले सकाळपासून काही काम नसल्यानं टपलेलेच होते. त्यांनी पाइप सोडला आणि जे काही उरलं होतं ते गायरानाच्या टोकाला, बाभळीखाली वाहून नेलं.

नायब तहसीलदारांनी घड्याळ बघितलं. सातव्या मुद्द्याप्रमाणे वैद्यकीय व्यवस्था आता हजर नसल्यामुळे उड्डाण रद्द करण्यात येत आहे, असं त्यांनी लिहिलं आणि मठपतींची सही घेतली. घरी जाताना टेम्पोत अंजूनं नवऱ्याच्या गुडघ्याचे पट्टे सोडले. ते काढायचं त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

दोन आठवड्यांनी कचेरीचं पत्र आलं. मंजूर उड्डाण का झाले नाही, आणि सदर हेलिकॉप्टर सध्या कोठे आहे, याचा लेखी खुलासा सात दिवसांत करावा. मठपतींनी चार कागद फाडले. बाभळीखाली असं लिहावं की नाही, ते त्यांना ठरवता येईना. कार्यालयात ती गोष्ट कशी पोचली कुणास ठाऊक, पण पोचली. साहेब आता त्यांना पायलट म्हणत होते, आणि दारावरचा शिपाई ते आले की आभाळाकडे बघायचा.

एका रविवारी शिवलिंग आला. बरोबर गावातले तिघं आणि सरजाबाई. तिच्या हृदयाच्या नळीत काहीतरी अडकलं होतं, ते वेळेवर निघालं, असं ती दुसऱ्याचीच गोष्ट सांगावी तसं सांगत होती. तिनं मठपतींसाठी करडईच्या तेलाची बाटली आणली होती. अंजूनं सगळ्यांना मुरमुऱ्यांचा सुशीला करून वाढला. खाणं झाल्यावर शिवलिंगनं खिशातून घडी केलेला कागद काढला आणि दाजींपुढे ठेवला.

तो अर्ज होता. मौजे खडकवंडी येथील गायरानात हेलिकॉप्टर उडविणे व उतरविणेबाबत. साती मुद्दे जसेच्या तसे उतरवलेले. तारीख पुढच्या महिन्याची. खाली अर्जदार म्हणून त्यांचं नाव, सहीची जागा मोकळी.

मठपतींनी कागद दूर सरकवला. हेलिकॉप्टर राहिलं नाही, आणि दुसरं घ्यायची आपल्यात उमेद नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं.

"दाजी, आम्ही कुलूप काढा म्हणून अकरा निवेदनं दिली," शिवलिंग म्हणाला. "कुणी फिरकलं न्हाई. तुम्ही एक अर्ज केला, तर डॉक्टर दारात उभा राहिला. साखरेचे सतरा लोक हायत गावात. दोन बाया दिवस भरत आलेल्या हायत. मशीन आणायची तकलीफ करूच नका. अर्ज तेवढा करा."

मठपतींनी अंजूकडे बघितलं. ती ताटं उचलत होती, तिनं मान वर केली नाही. त्यांनी चष्मा लावला आणि अर्ज वाचायला घेतला. अठ्ठावीस वर्षांत त्रुटी न काढता त्यांच्या हातून एक कागद गेला नव्हता, आणि या कागदात खोटी गोष्ट एकच होती, ती म्हणजे विषय. तो त्यांनी बराच वेळ वाचला. सरजाबाई पाय पसरून, पदरानं वारा घेत बसली होती.

"ही तारीख चालणार नाही," ते शेवटी म्हणाले. "त्या दिवशी सुट्टी येते. गाडी मिळायची नाही."

त्यांनी तारीख खोडून मंगळवार केला, खाडाखोडीवर नियमाप्रमाणे छोटी सही केली, आणि मग खाली मोठी सही केली.